हायडनला हवी होती ती टाळी

गेल्या हिवाळ्यात दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या हॉलमध्ये स्ट्रिंग क्वार्टेटचा प्रोग्रॅम होता. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, बस. नवरा ऐनवेळी ऑफिसात अडकला म्हणून त्याच्या तिकिटावर मामाला घेऊन गेले. मामा पुण्याचा, पंच्याहत्तरी ओलांडलेला, सवाईचा जुना वारकरी, आणि पाश्चात्त्य संगीत म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर लग्नातला बँड नाहीतर चर्च. पण सुरांवर जीव आहे, त्यामुळे चेलोचा पहिला सूर लागला तसा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. हायडनचं क्वार्टेट चालू होतं, शेवटची मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा शेवटचा भाग, एक छोटीशी उड्या मारणारी चाल फिरून फिरून येत होती आणि मामाचा हात गुडघ्यावर पडायला लागला होता. मग सगळं थांबलं. चौघांचे गज हवेत. मामाने खणखणीत टाळी दिली, वर "क्या बात है!" पण म्हणाला, आणि त्याचा आवाज विरायच्या आत चौघांनी पुढचा तुकडा सुरू केला. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी अख्खं वळून बघितलं, कुणीतरी जोरात "श्श" केलं. मामाने दोन्ही हात शालीखाली घेतले ते मध्यंतरापर्यंत बाहेर काढले नाहीत. थोड्या वेळाने क्वार्टेट खरंच संपलं तेव्हा हॉलमध्ये कुणालाच खात्री नव्हती, बराच वेळ सगळे गप्प, आणि मग चाचरत टाळ्या सुरू झाल्या. मामाने तेव्हा वाजवली नाही.

परत येताना टॅक्सीत म्हणाला, "हात बांधून ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं गं? त्या वाजवणाऱ्याला कळणार कसं, आपल्यापर्यंत पोचलं ते?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले, तिकडची पद्धत वेगळी असते वगैरे. पण ते डोक्यातून जाईना, कारण ते क्वार्टेट मला माहीत होतं. ती जागा टाळी पडावी म्हणूनच लिहिलेली आहे.

हायडनच्या ओपस 33 ह्या संचामधलं ते दुसरं क्वार्टेट, 1781चं. त्या संचाबद्दल हायडनने स्वतःच ओळखीच्या बड्या लोकांना पत्रं लिहिली होती, की ही क्वार्टेट्स अगदी नव्या, खास पद्धतीने केली आहेत, दहा वर्षांत मी क्वार्टेट लिहिलेलं नाही. ह्या दुसऱ्या क्वार्टेटला नंतर 'द जोक' असं नाव पडलं ते त्या शेवटामुळे. शेवटची मूव्हमेंट रोंडो आहे, म्हणजे एक चाल, मग दुसरं काहीतरी, परत तीच चाल, मग तिसरं काहीतरी, परत तीच. चाल इतकी सोपी की दुसऱ्यांदा येते तेव्हाच तोंडपाठ होते. असं करत करत हायडन आपल्या कानाला सवय लावतो, की ही आली म्हणजे ही पूर्ण होणार. मग अचानक चार-दोन ओळी भारदस्त, संथ, आता काहीतरी मोठं होणार असं वाटायला लावणाऱ्या. आणि लगेच ती चाल, पण तुकड्या-तुकड्याने. एक तुकडा, शांतता, दुसरा तुकडा, शांतता, तिसरा, शांतता, चौथा. चाल पूर्ण झाली, आता संपलं, टाळी. खूप मोठी शांतता. आणि मग अगदी हळू आवाजात पहिला तुकडा परत, आणि तिथेच खरोखर संपतं, सुरुवातीवरच. ह्यातली प्रत्येक शांतता कागदावर मोजून लिहिलेली आहे. समोर विश्वासाने ऐकणारा माणूस बसलाय आणि तो मोकळा आहे, बोलू शकतो, हसू शकतो, चुकीच्या ठिकाणी टाळी देऊ शकतो, हे गृहीत धरून लिहिलेली आहे. त्या संध्याकाळी हॉलमध्ये असा माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

लहानपणी सुट्टीत मामाकडे गेले की त्याच्याबरोबर बैठकींना जायचे. मला गाणं काही कळायचं नाही, मी मामाचा हात बघायचे. तबला चालू, गाणारे बुवा कुठेतरी दूर भटकतायत, आणि मामाचा हात गुडघ्यापासून थोडा वर उचललेला, बोटं जराशी थरथरतायत. मग बुवा मुखड्याकडे वळले की मामाची मान आधी हलायची, आणि सम आली की हात धप्पकन खाली आणि तोंडातून "अहाहा". आजूबाजूचे पन्नास हात त्याच क्षणी खाली यायचे. सतरंजीवर बसलेल्या एका पोरीला त्या हातांवरून कळायचं की आता काहीतरी जुळलं. पुढे कळायला लागलं तेव्हा हेही लक्षात आलं की बुवा त्या हातांकडे बघूनच ठरवायचे, आता लगेच समेवर यायचं की अजून एक आवर्तन लोकांना टांगून ठेवायचं. दाद ही गाण्यानंतर द्यायची गोष्ट नव्हतीच, ती गाण्याच्या आतच असायची.

मोझार्ट, हायडन ह्या लोकांचं संगीत, साधारण 1750 ते 1820 मधलं, ज्याला तिकडे क्लासिकल काळ म्हणतात, ते मी कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकायला लागले आणि ते आवडलं तरी कायम काचेच्या कपाटातलं वाटायचं. सुंदर, नीटनेटकं, हात न लावण्यासारखं. पुस्तकांत फॉर्मचे तक्ते असायचे, ए-बी-ए, एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट, रीकॅपिट्युलेशन, आणि ते तक्ते वाचले की आहे तोही रस आटायचा. टॅक्सीतल्या त्या प्रश्नानंतर मी हे सगळं परत ऐकायला आणि वाचायला घेतलं, आणि मग मोझार्टचं एक पत्र परत समोर आलं जे आधी वाचलं होतं पण असं वाचलं नव्हतं.

1778चा उन्हाळा. मोझार्ट बावीस वर्षांचा, आईबरोबर पॅरिसमध्ये काम शोधत फिरतोय. जूनमध्ये तिथल्या एका मोठ्या जाहीर संगीतमालिकेत त्याची नवी सिम्फनी वाजली, आज तिला 'पॅरिस' सिम्फनी म्हणतात. त्याबद्दल तो बाबांना लिहितो, की पहिल्या मूव्हमेंटच्या अगदी मध्यात एक जागा होती, मला माहीत होतं ती लोकांना आवडणार, आणि ती आली तसे सगळे वेडे झाले, टाळ्यांचा कडकडाट झाला. लिहितानाच मला ठाऊक होतं तिचा काय परिणाम होणार, म्हणून मी ती शेवटी परत आणली होती, आणि परत तेच झालं. म्हणजे मूव्हमेंट चालू असताना, मध्येच, वाजत असताना टाळ्या, आणि हा खूश! पुढचं तर अजून भारी आहे. त्याला कळलं होतं की पॅरिसमध्ये शेवटची मूव्हमेंट सगळी वाद्यं एकदम, जोरात वाजवून सुरू करायची रीत आहे. त्याने काय केलं, नुसती व्हायोलिनं घेतली आणि आठ बार, बार म्हणजे तिकडचं छोटंसं आवर्तन, हळू आवाजात वाजवायला लावली. लोकांनी, त्याच्या अपेक्षेप्रमाणे, एकमेकांना "श्श" केलं. आणि ती श्श झाली रे झाली की सगळा ऑर्केस्ट्रा धाडकन आला, आणि टाळ्या. लोकांची कुजबुज, त्यांचं श्श, त्यांचे हात, हे सगळं त्याने बनावटीत धरलेलं होतं. आनंदाच्या भरात कार्यक्रमानंतर तो पॅले रोयालला गेला, मोठं आइस्क्रीम खाल्लं, नवस बोलला होता तेवढी जपमाळ ओढली आणि घरी गेला. हे सगळं त्याने स्वतः लिहिलंय.

ते पत्र 3 जुलैचं आहे. त्याच रात्री त्याची आई गेली होती.

बाबांना एकदम धक्का बसू नये म्हणून त्याने त्या पत्रात आई फार आजारी आहे एवढंच लिहिलं, आणि खरी बातमी त्याच रात्री साल्झबर्गच्या एका कुटुंबस्नेह्यांना वेगळ्या पत्रात कळवली, की तुम्ही बाबांना हळूहळू तयार करा. म्हणजे ती टाळ्यांची गोष्ट, ते आइस्क्रीम, ते आठ हळू बार, हे सगळं तो आईचं शव त्याच घरात असताना लिहीत होता. मला आधी हे वाचून कसंतरीच व्हायचं, इतकं कोरडं कसं लिहवलं. आता तसं वाटत नाही. बाबांना सांगण्यासारखी चांगली गोष्ट त्याच्याकडे तेवढीच होती, लोकांनी ऐकलं, त्यांना कळलं, आणि ज्या जागी कळायला हवं होतं त्याच जागी कळलं. ती त्याने दिली.

मे महिन्यात मामा आमच्याकडे राहायला आला तेव्हा पेटी घेऊन आला. माझी मुलगी पियानोच्या परीक्षेसाठी मोझार्टची सी मेजरमधली ती प्रसिद्ध सोपी सोनाटा बसवत होती, के. 545. मोझार्टने स्वतःच्या यादीत 26 जून 1788 ह्या तारखेला ती टिपलीये, शिकाऊंसाठी छोटी सोनाटा म्हणून. त्याच तारखेला यादीत एक अख्खी सिम्फनी पण आहे, एकोणचाळिसावी. मामाने तिचा रियाज ऐकला, पहिल्या चार बारांतच मान हलली. उजव्या हाताला सा ग प, मग खालच्या नीवरून सा रे सा, मग ध प सां प म ग. डावा हात नुसता सा प ग प, सा प ग प करत राहतो. ह्या डाव्या हाताच्या चालीला अल्बर्टी बेस म्हणतात, अल्बर्टी नावाच्या इटालियन संगीतकारावरून, आणि त्या काळचं अर्धं पियानोसंगीत ह्यावर उभं आहे. मामा म्हणाला, "बिलावलच की हा." आणि पेटी उघडून पांढरी एक धरली, सी म्हणजे तीच. तिने वाजवायचं आणि ह्याने सा लावून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. पेटी आणि तिचा डिजिटल पियानो जरासे वर-खाली होते एकमेकांत, पण चालून गेलं.

सुरुवातीला सगळं गोड. मग सरळ ताना सुरू झाल्या, सपाट वर-खाली, मग पंचमावर एक छोटा ठेका पडला, एक श्वास, आणि दुसरी चाल सुरू झाली. दोनेक बार जातात तोच मामाचा चेहरा बदलला. तीव्र मध्यम यायला लागला होता आणि पेटीचा सा त्याला टोचायला लागला होता. त्याने आधी मुलीकडे बघितलं, ही चुकतेय का म्हणून. ती चुकत नव्हती. मग त्याने भाता थांबवला, बोट उचललं, क्षणभर ऐकलं, आणि पांढरी पाच दाबली. सगळं परत जुळलं, एकदम गोड. "अगं, ह्याने सा हलवला!"

इतकी वर्षं मी हे वाचत होते, की पहिली थीम टॉनिकमध्ये, म्हणजे मूळ सा वर, दुसरी डॉमिनंटमध्ये, म्हणजे पंचमाला सा करून, आणि मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. मामाला ते पहिल्या फटक्यात टोचलं, कारण त्याच्यासाठी सा म्हणजे जमीन. आपल्याकडे तंबोरा संध्याकाळभर तोच सा देत राहतो, कुणी मूर्च्छना करून घटकाभर दुसऱ्याच सुराला सा केल्याचा भास करून दिला तर आपण थक्क होतो, पण तो परत येतोच लगेच. ह्या लोकांनी अख्खी इमारतच सा हलण्यावर उभी केली. स्केल बदलणं बाखच्या पिढीतही होतं, खूप होतं, पण तिथे ते वाहत वाहत होऊन जातं. हायडन-मोझार्टच्या वेळेला ती घटना झाली, लोकांसमोर घडणारी. चार बारांची ओळ, तिला चार बारांचं उत्तर, वर एक स्वच्छ चाल, खाली हलकी साथ, म्हणजे ऐकणारा कुठेच हरवत नाही. आणि मग बरोब्बर त्या न हरवलेल्या माणसाच्या पायाखालचा सा काढून घ्यायचा. आधी तो एक छोटा थांबा, बघा हं आता, असा. मग हा सगळा पहिला भाग जसाच्या तसा परत वाजवायचा. रेकॉर्डिंगं नव्हती, लोक बहुतेक वेळा ती रचना आयुष्यात पहिल्यांदा आणि कदाचित शेवटचं ऐकत होते, त्यांच्या लक्षात राहायला हवं ना, आपण कुठून निघालो. आजकाल बरेच जण ती पुनरावृत्ती गाळतात, वेळ वाचवायला. मुलगी परत पहिल्यापासून सुरू झाली तसं मामाने बोट परत पांढरी एकवर नेलं, आणि ह्या वेळी त्या थांब्याला तो तयार होता, मान आधीच हलली, थांबा आला, बोट सरकलं, पांढरी पाच. समेवर हात पडावा तसंच. मग मधला भाग आला, डेव्हलपमेंट, तिथे कोमल गंधाराची, म्हणजे मायनर स्केलं एकामागून एक, त्याचं बोट कुठेच टिकेना, शेवटी त्याने भाता सोडून दिला आणि नुसता ऐकत बसला. परत येण्याची गोष्ट जरा वेगळी आहे, ती पुढे सांगते.

ह्याला सोनाटा फॉर्म म्हणतात हे त्यांना स्वतःला माहीतही नव्हतं, हे नाव आणि ते तक्ते नंतरच्या शतकातल्या पुस्तकवाल्यांचे. त्यांच्यासाठी ती एक सवय होती, ऐकणाऱ्यांबरोबर झालेली, आणि सवय होती म्हणून तिच्याशी खेळता येत होतं. जी मायनर सिम्फनी घ्या, चाळिसावी, 1788च्याच उन्हाळ्यातली. तिची सुरुवात आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, 1961मध्ये सलील चौधरींनी हिंदी सिनेमात आणली तेव्हापासून. पण गाण्याला जे करता येत नाही ते सिम्फनी पुढे करते. पहिली चाल पांढरी पाचच्या कोमल गंधारात, अस्वस्थ. मग सा हलतो काळी पाचवर, शुद्ध गंधार येतो, आणि दुसरी चाल त्या उजेडात वाजते. मधली वादळं झाली, परत आलो, दुसरी चाल परत आली, आणि आता ती पांढरी पाचवरच वाजते, कोमल गंधारात. तीच चाल, तोच तोल, पण चेहरा पडलेला. पहिल्यांदा ती कशी वाजली होती हे आठवत असेल तरच ह्याचा चटका बसतो. मामाला मी हे दोन्ही तुकडे एकामागून एक ऐकवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला परत लाव.

हायडनची नोकरी बघितली तर हे अजूनच नवल वाटतं. 1761मध्ये तो एस्टरहाझी सरदारांकडे लागला. करारात लिहिलेलं, की गणवेशात हजर राहायचं, पांढरे मोजे, पावडर लावलेले केस नाहीतर विग, रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात उभं राहून आज संगीत हवंय का हे विचारायचं, आणि जे काही रचलं जाईल त्यावर हक्क धन्याचा. धनी निकोलाउस बॅरिटन नावाचं तंतुवाद्य वाजवायचा, त्याच्यासाठी हायडनने सव्वाशेच्या आसपास ट्रायो लिहिले. मग हंगेरीत दलदलीच्या मुलखात एस्टरहाझाचा प्रचंड राजवाडा झाला आणि दरबार महिनोन् महिने तिथे मुक्काम ठोकायला लागला. वादकांच्या बायकामुलांना आयझेनश्टाटला, दरबाराच्या मूळ गावी, ठेवावं लागायचं. 1772मध्ये मुक्काम लांबतच गेला, वादक हवालदिल, त्यांनी हायडनला गळ घातली. हायडनने अर्ज केला नाही. त्याने सिम्फनी लिहिली, पंचेचाळिसावी, काळी तीनवरची, जी तेव्हा सिम्फनीसाठी कुणी निवडत नसे. शेवटची मूव्हमेंट जोरात धावत येते, आता संपणार, आणि संपण्याऐवजी एक संथ भाग सुरू होतो जो तिथे असायलाच नको. मग एकेक वादक आपलं वाजवून झालं की मेणबत्ती विझवतो, वाद्य उचलतो आणि निघून जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात, हायडन आणि त्याचा मुख्य व्हायोलिनवादक टोमासिनी, तीही आवाज दाबलेली. सांगतात की निकोलाउसला कळलं, आणि दरबाराने गाशा गुंडाळला. मला ह्यात मेणबत्त्यांपेक्षा तो चुकीच्या जागचा संथ भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. निकोलाउसच्या कानाला सिम्फनी कशी संपते ते पक्कं माहीत होतं, म्हणून ती तशी संपत नाहीये हे त्याला पहिल्या बारपासून जाणवलं असणार. ज्याला फॉर्म पाठ आहे त्यालाच तो मोडून काहीतरी सांगता येतं. पुढे म्हातारपणी हायडन म्हणाला होता की मी जगापासून तुटलेला होतो, मला गोंधळात पाडायला, छळायला कुणी नव्हतं, म्हणून मला ओरिजिनल होणं भाग पडलं. पण हा एक कान तिथे होता, रोजचा, वर्षानुवर्षं तयार झालेला, हे पण खरं.

कॉन्सर्टोमध्ये, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा बरोबर अशा रचनेत, तर आपल्या बैठकीच्या अजून जवळची एक जागा आहे. ऑर्केस्ट्रा जोरात येऊन एका अर्धवट स्वरसंगतीवर थांबतो, लटकत राहतो, आणि एकटा पियानोवाला तिथे मनाने वाजवतो, कॅडेन्झा म्हणतात त्याला. मोझार्टच्या काळात ती तिथल्या तिथे सुचेल तशी वाजवायची. शेवटी तो एक लांब ट्रिल घेतो, दोन शेजारचे सूर भराभर, आणि तो ट्रिल म्हणजे खूण, आलो बरं का, तिहाई सुरू झाली की आपल्याला कळतं तसं. 11 फेब्रुवारी 1785ला व्हिएन्नाच्या मेलग्रुब हॉलमध्ये मोझार्टने नवा डी मायनर कॉन्सर्टो वाजवला. बाबा लिओपोल्ड त्याच दिवशी साल्झबर्गहून आले होते, त्यांनी मुलीला लिहिलंय की आम्ही पोचलो तेव्हा नकलनवीस अजून कागद उतरवत होता आणि तुझ्या भावाला शेवटचा रोंडो एकदा वाजवून बघायलाही वेळ मिळाला नव्हता. त्या कॉन्सर्टोसाठी मोझार्टची कॅडेन्झा कागदावर आपल्यापर्यंत आलेली नाही, पुढे बेथोव्हनने आपली लिहिली आणि आज बहुतेक तीच वाजते. मोझार्टने त्या संध्याकाळी काय वाजवलं ते समोर बसलेल्यांबरोबरच गेलं. आणि दुसऱ्या दिवशी मोझार्टच्या घरी क्वार्टेटची बैठक, हायडन पाहुणा, आणि ऐकून झाल्यावर तो लिओपोल्डना म्हणाला, देवाला स्मरून सांगतो, तुमचा मुलगा मला माहीत असलेल्या सगळ्या संगीतकारांत मोठा आहे. मोझार्टची ती क्वार्टेट्स हायडनला अर्पण केलेली, ओपस 33 ऐकून, त्याला उत्तर म्हणून लिहिलेली. ह्याहून मोठी दाद कुठली.

हे सगळं लिहितेय त्याचा अर्थ असा नाही की तो काळ फार रसिक होता आणि आपण अडाणी. तेव्हा लोक संगीत चालू असताना जेवायचे, पत्ते खेळायचे, गप्पा मारायचे. त्या दरबारी वाजणाऱ्या कितीतरी रचना कुणी धड ऐकल्याही नसतील. हॉलमधली शिस्तीची शांतता पुढच्या शतकात हळूहळू आली आणि तिने खूप काही दिलंय, हे मला मान्य आहे. मोझार्टच्या क्लॅरिनेट क्विंटेटमधली संथ मूव्हमेंट, 1789ची, श्टाडलर नावाच्या वादकासाठी लिहिलेली, त्यात तंतुवाद्यांचा आवाज दाबलेला असतो आणि क्लॅरिनेट त्याच्यावर नुसता श्वास सोडल्यासारखा येतो, तिथे कुणी खोकलं तरी मला त्रास होतो. मला ती शांतता हवी असते. पण सगळ्याच रचनांवर एकसारखी शांतता अंथरली की 'द जोक'मधला जोक कुठे जातो? 1792मध्ये लंडनला हायडनच्या त्या 'सरप्राइज' सिम्फनीत हळू चाललेल्या साध्यासुध्या चालीत मध्येच सगळा ऑर्केस्ट्रा धाडकन वाजतो, तेव्हा लोकांनी वन्स मोअरचा गलका केला होता. आज तिथे कुणी दचकत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे माहीत असल्यासारखे बसतात. आपल्या संगीताबाबतही मला ही भीती वाटायला लागलीये. मोठमोठ्या ए.सी. हॉलमध्ये, अंधारात, गाणाऱ्याला पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणी दिसत नाही, समेला हात पडतात ते त्याला दिसत नाहीत, आणि शेवटी सगळे उभं राहून एकदम टाळ्या वाजवतात. ती दाद नव्हे.

आता ती परत येण्याची गोष्ट. के. 545मध्ये मधला भाग संपतो, पहिली चाल परत येते, आणि मामाचं बोट आपसूक पांढरी एकवर गेलं, घरी आलो म्हणून. सा ग प, चाल तीच, पण टोचतंय. कोमल निषाद आलाय. मोझार्टने ती पांढरी चारवर आणलीये. तक्त्यांप्रमाणे ती पांढरी एकवरच यायला हवी होती, जवळजवळ सगळीकडे तशीच येते. शिकाऊंसाठी म्हणून लिहिलेल्या सोनाटात हे. पांढरी एक येते ती थेट दुसऱ्या चालीला. पुस्तकांत ह्याचं एक व्यवहारी कारण देतात, की चारवरून एकवर जायचं अंतर आणि एकवरून पाचवर जायचं अंतर सारखंच, त्यामुळे पहिल्या भागातला मजकूर थोड्या फरकाने तसाच उचलता येतो, काम वाचतं. शूबर्टने पुढे हे केलंय. मामाला हे अजिबात पटलं नाही. "काम वाचवायला? छे. ह्याने मुखडा घेतला आणि सम दिली नाही. मुद्दाम. आपण हात उचलून बसलो आणि हा म्हणतो थांबा अजून." माझी मुलगी म्हणते की दोघंही उगाच खोलात जाताय, पांढरी चारवर उजव्या हाताला एक काळी पट्टी मध्ये येते, ती शिकवायची असणार त्याला. मला मामाचं पटतं, पण मुलीचं खोडता येत नाही, कारण शेवटी सोनाटा तिच्यासारख्यांसाठीच लिहिलेली आहे. फोनवर अजून हा वाद चालू असतो. परवा मामाने हायडनच्या सोनाटा मागवून घेतल्या, त्यात असा कुणी चुकीच्या सा वर परत येतो का ते पेटीवर एकेक करून तपासतोय, आणि प्रत्येक पुनरावृत्तीसकट.